ठाण्यातून फोटोसाठी रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) घ्यायचाय, १०२ मिमीचा साधा की ७२ चा ईडी?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचतोय इथे, आज पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी घोडबंदर रोडला राहतो, अकरावा मजला, बाल्कनी दक्षिणेला. सोसायटीला गच्ची आहे पण कुलूप लावलेलं असतं आणि चावी सेक्रेटरींकडे, तो एक वेगळाच अध्याय आहे. कॅमेरा कॅनन २००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्सा. गेल्या डिसेंबरात ट्रायपॉडवर ठेवून मृगाचा फोटो काढला आणि त्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली गुलाबीसर धुरकट असं काहीतरी आलं, तेव्हापासून डोक्यात किडा घुसलाय. देवयानीची दीर्घिका, मृगातला तेजोमेघ, कृत्तिका, एवढं जमलं तरी मी खूश.

बजेट सगळं मिळून लाखभर, फार ताणलं तर सव्वा. एका दुकानात विचारायला गेलो तर त्याने १०२ मिमीचा, ६६० फोकल लेंथचा रिफ्रॅक्टर दाखवला, सोबत हाताने फिरवायचं इक्वेटोरियल माउंट (पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावून फिरवायचा आधार), म्हणाला साहेब मोठा डोळा जास्त प्रकाश, ७२ चं ते बारकं घेऊन काय करणार, आणि त्या बारक्याची नुसती नळीच या सगळ्या सेटएवढ्या किमतीत येते! मला काही कळेना. दिसायलाही १०२ वालाच दुर्बिणीसारखा दिसतो, दुसरा म्हणजे फ्लास्क वाटतो. तर प्रश्न असा की हे ईडी, ॲपो, 'फोटोसाठीची दुर्बीण' वगैरे खरंच काही असतं की नुसतं नाव लावून पैसे काढायचे धंदे? आणि मुलगी सातवीत आहे, तिला चंद्र आणि शनी पण दाखवायचाय, ते जमेल ना?

कळवा_लोकल

१०२ अजिबात नको. बाकी मोठे लोक येऊन समजावतीलच. तू आधी सेक्रेटरीला चहाला बोलव.

ऐरोली_ॲपो

दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय.

मी हीच चूक केलेली आहे म्हणून जरा लांब लिहितो. माझी पहिली दुर्बीण ९० मिमीचा साधा ॲक्रोमॅट. डोळा लावून चंद्र बघितला, झकास. मग कॅमेरा लावला आणि अभिजितचा फोटो काढला तर ताऱ्याभोवती जांभळ्या रंगाचं गरगरीत वर्तुळ, वांग्याचं काप ठेवल्यासारखं. दोन रात्री फोकसच करत बसलो. नंतर कळलं की फोकसचा दोषच नाही, भिंगाचा आहे.

होतं काय, एकाच भिंगातून गेलेला निळा, हिरवा, लाल प्रकाश एकाच जागी येऊन मिळत नाही. ॲक्रोमॅटमध्ये क्राउन आणि फ्लिंट अशा दोन काचा जोडून दोन रंग एका जागी आणतात, तिसरा आपला भरकटतोच, आणि तो बहुतेकदा जांभळा. डोळ्याला ४००-४३० नॅनोमीटरचा जांभळा जेमतेम दिसतो म्हणून बघताना फारसा त्रास होत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र तो इमानदारीत टिपतो, आणि तूही मिनिटभर शटर उघडं ठेवणार म्हणजे तो जमत जातो. म्हणजे डोळ्याला चांगली वाटलेली दुर्बीण कॅमेऱ्यालाही चांगलीच वाटेल असं नाही, हा सगळ्या भानगडीचा मुद्दा आहे.

जुना ठोकताळा असा की साध्या ॲक्रोमॅटचा एफ आकडा (फोकल लेंथ भागिले व्यास) इंचातल्या व्यासाच्या निदान तिप्पट तरी हवा. १०२ म्हणजे ४ इंच, म्हणजे एफ/१२ हवा, नळी सव्वा मीटरची. तुला दाखवलेला एफ/६.५ आहे. तूच हिशोब कर.

ईडी म्हणजे कमी अपस्करण करणारी काच, रंग कमी फाकवते. ओहारा कंपनीची एफपीएल-५१, एफपीएल-५३, होयाची एफसीडी१, एफसीडी१००, ही नावं जाहिरातीत दिसतील. ५३ आणि १०० या वरच्या दर्जाच्या, जवळजवळ फ्लोराइटच्या तोडीच्या. अशी एक काच घालून दोन भिंगांचा डबलेट करतात, किंवा तीन भिंगांचा ट्रिपलेट, त्यात तीन रंग एकत्र आणता येतात आणि त्याला ॲपोक्रोमॅट म्हणतात. हल्ली डबलेटलाही सर्रास ॲपो छापतात, तिथे तुझी शंका बरोबर आहे, थोडा धंदा आहेच. पण काच खोटी नाही.

आणि 'मोठा डोळा' बद्दल. १०२ च्या भिंगाचं क्षेत्रफळ ७२ च्या दुप्पट, कबूल. पण त्याची फोकल लेंथ ६६०, त्या ७२ ची (इव्होस्टार मॉडेलची) ४२०, त्यामुळे तोच तेजोमेघ सेन्सरवर अडीचपट जागेत पसरतो. दुप्पट प्रकाश अडीचपट जागेत, म्हणजे एकेका पिक्सेलला उलट कमीच मिळाला. दुप्पट दूध घेऊन अडीचपट कपांत ओतल्यासारखं.

नौपाड्याचा_म्हातारा

ऐरोलीकरांनी काचेचं नीट सांगितलं. मी त्या 'नुसतं नाव आहे का' वर बोलतो, कारण हे फॅड आजचं नाही.

शंभर सव्वाशे वर्षांपूर्वीसुद्धा बघायची दुर्बीण वेगळी आणि फोटोची वेगळी असायची. बघायची जी, तिची भिंगं पिवळ्या-हिरव्या रंगाला जुळवलेली, कारण माणसाचा डोळा तिथे तीक्ष्ण. फोटोच्या काचेच्या प्लेटांना निळाच रंग नीट दिसायचा, म्हणून ॲस्ट्रोग्राफची भिंगं निळ्याला जुळवायचे. १८८७ साली पॅरिसला ठरलं की अख्ख्या आकाशाचा फोटो नकाशा करायचा, जगभरच्या वेधशाळांनी पट्टे वाटून घेतले, त्यातला एक पट्टा पुढे आपल्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला आणि त्यांनी ८ इंची कुक ॲस्ट्रोग्राफने तो पूर्ण केला. ती रिफ्रॅक्टरच होती, भिंगाचीच. तेव्हा एक रंग सांभाळला की भागायचं. आताच्या डिजिटल सेन्सरला जांभळ्यापासून लालपर्यंत सगळंच दिसतं म्हणून सगळेच रंग सांभाळावे लागतात, फरक एवढाच.

आता माझं खरं म्हणणं. तुम्ही लोक नळीवर भांडताय आणि पोरगा माउंटचं विचारतच नाहीये. हाताने फिरवायच्या माउंटवर ४२० मिमीने फोटो काढणार? पृथ्वी थांबते का तुमच्यासाठी? फिल्मच्या काळात आम्ही वांगणीला गाईड दुर्बिणीच्या क्रॉसहेअरवर तारा धरून तास तास डोळा लावून बसायचो, मान मोडायची, आणि शेवटी फिल्म धुतल्यावर कळायचं की विसाव्या मिनिटाला कोणीतरी पायाला धडकलं होतं. तो छळ आता करू नका. लाखातले निम्म्याहून जास्त पैसे माउंटला ठेव. चांगल्या माउंटवर तुझी ५५-२५० लेन्स लावलीस तरी देवयानी येईल, वाईट माउंटवर सोन्याची दुर्बीण लावलीस तरी ताऱ्यांच्या शेवया येतील.

आणखी एक, हे परदेशी व्हिडिओत कोणी सांगत नाही. आपण १९ अंश अक्षांशावर, ध्रुव क्षितिजापासून फक्त १९ अंश वर. माउंटचा अक्ष इतका आडवा करावा लागतो की वजनाचा दांडा जवळजवळ सरळ खाली लटकतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला जाऊन आपटतो. लंडनवाल्यांचा दांडा बाहेर तिरका असतो, त्यांना ही अडचण येत नाही. मध्ये उंचीची नळी लाव किंवा ट्रायपॉड फिरवून दोन पाय उत्तरेला घे. मी एकदा मोटर जळायची वेळ आणली होती.

कासारवडवलीकर

बाप रे, एवढं सगळं! मनापासून आभार. काका, शेवया वाचून हसलो पण पटलं. दुधाच्या कपांचं बायकोला सांगितलं, ती म्हणाली मग कपच कमी आण ना 😄

आता दोन तीन शंका. १) ७२ घेतला तर वर फ्लॅटनर नावाचं अजून एक घ्यावं लागतं असं वाचलं, ते कशाला, इतकी महागडी काच असूनही? २) माझ्या बाल्कनीतून ध्रुव दिसतच नाही, मग तो अक्ष लावायचा कसा? ३) गुरू शनी यातून फोटोत येतील का?

सीवूड्स_स्टॅकर

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण तिथे अपेक्षाभंग आहे. २००डी चा पिक्सेल ३.७२ मायक्रॉन. सूत्र पाठ करून ठेव, २०६ गुणिले पिक्सेल भागिले फोकल लेंथ, म्हणजे ४२० ला १.८३ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) प्रति पिक्सेल. गुरू मोठा असताना साधारण ४५ आर्कसेकंद. म्हणजे तुझ्या चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोत गुरू २५ पिक्सेलचा, भाताच्या शिताएवढा. चंद्रसुद्धा सेन्सरवर ४ मिमी पेक्षा कमी. त्यामुळे ग्रहांचे फोटो या दुर्बिणीचं कामच नाही. डोळ्याने मात्र ५ मिमीची आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावली की ८४ पट, शनीची कडी मुलीला नक्की दिसेल आणि ती ओरडेलच, माझा भाचा ओरडला होता.

याची दुसरी बाजू अशी की तुझ्या सेन्सरवर ४२० ला ३ अंश गुणिले २ अंश आकाश मावतं. देवयानीची दीर्घिका साधारण ३ अंश लांब. कृत्तिका सगळ्या मावून वर जागा उरते. हे छोटे रिफ्रॅक्टर याच्यासाठीच बनवलेत.

फ्लॅटनर: भिंगातून आलेलं चित्र सपाट नसतं, वाटीसारखं वाकलेलं असतं, आणि सेन्सर आहे सपाट. मध्ये फोकस केलास की कोपऱ्यातले तारे लांबट होतात, अंतराळयानातून सुसाट निघाल्यासारखे. डोळ्याने बघताना ते जाणवत नाही, सेन्सर मोठा असला की जाणवतं. म्हणून मागे एक भिंग लावून चित्र सपाट करतात. ०.८ चा रिड्युसर-फ्लॅटनर मिळाला तर अजून छान, ४२० चे ३३६ होतात आणि एफ/४.७ पडतो. यात एक ग्यानबाची मेख आहे. फ्लॅटनरच्या खांद्यापासून सेन्सरपर्यंत बहुतेक वेळा बरोब्बर ५५ मिमी अंतर हवं. कॅननचं स्वतःचं ४४, टी-रिंग (कॅमेरा जोडायची कडी) ११, जुळलं. पण मध्ये काही घुसवलंस, फिल्टर म्हण, ॲडाप्टर म्हण, तर गणित बिघडतं. ज्यांना हे नको ते पेट्झव्हाल रचनेची दुर्बीण घेतात, पुढे मागे मिळून चार पाच भिंगं, फ्लॅटनर आतच बसवलेला, कॅमेरा लावा फोकस करा संपलं. रेडकॅट ५१ तशीच, २५० मिमी एफ/४.९. पेट्झव्हालने ती रचना १८४० साली माणसांच्या फोटोच्या लेन्ससाठी काढली होती, आता ताऱ्यांच्या कामी येते. पण २५० तुझ्याकडे आहेच, म्हणून मी तरी ७२ च म्हणेन.

ध्रुव दिसत नसेल तरी घाबरू नको. लॅपटॉपवर निना नावाचं फुकट सॉफ्टवेअर, त्यात तीन ठिकाणचे फोटो काढून अक्ष किती चुकलाय ते सांगणारं प्लगइन आहे, आकाशाचा कुठलाही तुकडा चालतो. मी बिल्डिंगच्या आडून तसंच करतो.

बाल्कनीबद्दल मात्र खरं सांगायला हवं. दक्षिणेची बाल्कनी, वर स्लॅब. देवयानी आपल्याकडे डोक्यावरून जराशी उत्तरेला जाते, ती तुला बाल्कनीतून आयुष्यात मिळणार नाही. कृत्तिका जवळजवळ डोक्यावर, त्याही नाहीत. मृग चढताना आणि उतरताना थोडा वेळ, ऐन वर आला की स्लॅबमागे. वर एसीची बाहेरची युनिटं, त्यांची गरम हवा, आणि घरात कोणी चाललं तरी लादी हलते. चावी मिळव.

खारघरकर

सगळे चिडतील पण बोलतो. एवढा सव्यापसव्य कशाला? सरळ सीस्टार एस५० घ्या. ५० मिमीचा ट्रिपलेट, २५० फोकल लेंथ, कॅमेरा माउंट फोकस सगळं आत, मोबाईलवर नाव टाका तो स्वतः शोधतो स्वतः स्टॅक करतो (बरेच फोटो एकावर एक रचून एक करतो). मी बाल्कनीत ठेवतो आणि आत बसून मॅच बघतो. तोही रिफ्रॅक्टरच आहे की.

ऐरोली_ॲपो

चिडत नाही, माझ्या बहिणीला मीच तो घ्यायला लावला. ज्याला फोटो हवाय पण खटपट नकोय त्याला उत्तम. पण त्याचा सेन्सर १९२० गुणिले १०८०, एका वेळी आकाश साधारण १.३ गुणिले ०.७ अंश, म्हणजे देवयानीचं फक्त पोट येणार, पूर्ण हवी तर तुकडे जोडत बसा. आणि उद्या कॅमेरा बदलावासा वाटला तर बदलता येत नाही. आयपीस लावून मुलीला शनीही दाखवता येत नाही, मोबाईलवरच बघा. याला किडा चावलाय, हा खटपट करणारा माणूस आहे, ते त्याच्या प्रश्नावरूनच दिसतंय.

खारघरकर

खटपट करणाऱ्या माणसाच्या बायकोचंही मत घ्या एकदा. ठाण्यातल्या उजेडात तुमचा ७२ आणि माझा ५०, दोघांनाही आकाश नारिंगीच दिसणार.

सीवूड्स_स्टॅकर

नारिंगी होतं तेव्हा बरं होतं रे. सोडियमचे दिवे ठराविक रंगातच जळायचे, फिल्टर लावून तेवढाच भाग कापता यायचा. आता सगळीकडे पांढरे एलईडी, ते सगळ्याच रंगात पसरतात, कापणार काय? पामबीच रोडच्या बाजूला माझी गच्ची आहे, मला विचार. जुना साधा लाइट पोल्युशन फिल्टर कपाटात पडून आहे, कोणी फुकट दिला तरी घेऊ नकोस.

अजूनही फिल्टर चालतो तो तेजोमेघांवर. ते स्वतः ठराविक रंगातच चमकतात, हायड्रोजन अल्फा ६५६.३ नॅनोमीटर आणि ऑक्सिजन ५००.७, तेवढेच दोन पट्टे सोडणारा ड्युअल बँड मिळतो. दीर्घिका आणि कृत्तिका यांना उपयोग नाही, तिथे ताऱ्यांचाच प्रकाश असतो, त्यासाठी अंधारातच जायचं. आणि २००डी च्या सेन्सरपुढे कंपनीनेच जो फिल्टर बसवलाय तो ६५६ चा बराचसा लाल खाऊन टाकतो, म्हणून लोक कॅमेरा मॉडिफाय करून घेतात. तू आत्ता नको करूस. मृगाचा तेजोमेघ इतका तेजस्वी आहे की तसाही येतो.

शहरातल्या उजेडाचा एक विचित्र फायदा पण आहे. एकेक फोटो ३० सेकंद ते मिनिटभराचाच पुरतो, कारण त्यापुढे आकाशच भरून येतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी गाईड कॅमेरा (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सावरणारा) वगैरे लागत नाही. मिनिटाचे दीडशे दोनशे काढ, बिघडलेले फेकून दे, उरलेले सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र कर. फक्त लक्षात ठेव, चौपट वेळ दिलास की फोटो दुप्पट स्वच्छ होतो, चौपट नाही. इथे सगळ्यांचा धीर सुटतो.

कासारवडवलीकर

ठरलं मग. ७२ चा ईडी, त्याचा फ्लॅटनर, आणि स्टार ॲडव्हेंचरर जीटीआय माउंट. ते ५ किलो पेलतं, माझं सगळं मिळून ३ च्या आसपास भरतंय. बसतंय ना काका?

नौपाड्याचा_म्हातारा

बसतंय. कंपनी सांगते त्याच्या निम्म्या वजनात माणूस सुखी, तू थोडा वर आहेस, चालेल. वाऱ्याच्या दिवशी ट्रायपॉडखाली पाण्याची कॅन लटकव. आणि पावसाळ्यात दुर्बीण तिच्या सुंदर ॲल्युमिनियमच्या पेटीत फोमवर ठेवून विसरू नकोस, तो फोम ओल धरतो आणि गणपतीपर्यंत भिंगावर बुरशीची नक्षी उगवते. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, निळ्याच्या गुलाबी झाल्या की भाजून घे.

कासारवडवलीकर (जानेवारी)

मंडळी, गायब होतो, माफी. अपडेट देतो.

सामान यायला महिना गेला, त्यात ऐन मोक्याच्या वेळी ढग, मग थंडीतलं ते धुरकं. सेक्रेटरी साहेबांना आधी अर्ज दिला, त्यांनी तो मीटिंगमध्ये ठेवला, मीटिंगमध्ये एका काकूंनी विचारलं की हा समोरच्या बिल्डिंगमध्ये बघणार तर नाही ना. शेवटी एका रविवारी संध्याकाळी सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये बोलावून चंद्र दाखवला. रांग लागली! सेक्रेटरी तीनदा आले रांगेत. चावीची डुप्लिकेट आता माझ्याकडे आहे.

तर गच्चीवरून मृगातला तेजोमेघ, मिनिटाचे १४०. मधला भाग बघून मला खरंच भरून आलं, गुलाबी, आत ते चार ताऱ्यांचं ट्रॅपेझियम, जांभळी वर्तुळं जवळपास नाहीतच. पण कोपऱ्यातले तारे सगळे केंद्राकडे रोखलेल्या सुयांसारखे लांबट. फ्लॅटनर लावूनही! माउंटचा दोष असावा का? शिवाय रात्री साडेबारानंतरचे सगळे फोटो हळूहळू धूसर होत गेले, फोकस तर मी बाहतिनोव मास्कने (फोकस जुळवायची खाचांची चकती) व्यवस्थित लावला होता, तिन्ही रेघा मधोमध. आणि फोटोत डाव्या बाजूला एक काळपट डोनट आहे, प्रत्येक फोटोत त्याच जागी.

सीवूड्स_स्टॅकर

माउंटचा दोष असता तर सगळेच तारे एकाच दिशेला ओढले गेले असते, मधलेसुद्धा. केंद्राकडे रोखलेल्या सुया म्हणजे सेन्सर फ्लॅटनरच्या जास्त जवळ बसलाय. केंद्राभोवती गोल फिरल्यासारखे दिसले असते तर उलट, जास्त लांब. टी-रिंग कुठली लावलीस? मोजून बघ, आणि मध्ये फिल्टर घातला असशील तर त्याच्या जाडीचा तिसरा हिस्सा अजून वाढवावा लागतो, २ मिमीच्या काचेला पाऊण मिमीच्या आत बाहेर.

डोनट म्हणजे सेन्सरजवळची धूळ. फ्लॅट फ्रेम काढल्यास का? दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं स्वच्छ बनियान ताणून बांध, समोर लॅपटॉपची पांढरी स्क्रीन, कॅमेरा आणि फोकस अजिबात न हलवता वीस पंचवीस फोटो काढ. स्टॅक करताना दे, डोनट जातो.

ऐरोली_ॲपो

धूसर झालं ते बहुतेक दव. पुढच्या भिंगावर बोट लावू नकोस हां, टॉर्च मारून बघ फक्त. दवाचा पट्टा मिळतो, यूएसबीवर चालणारा, पॉवर बँकला लाव आणि पहिल्या फोटोपासूनच चालू ठेव, दव पडल्यावर लावून उपयोग नाही. आणि पारा उतरला की नळी किंचित आखडते, तासाभराने फोकस पुन्हा तपासायचा. फोकसरखालचा लॉक स्क्रू घट्ट करतोस ना? कॅमेरा वर आकाशाकडे बघत असताना तो वजनाने हळूच खाली सरकतो, माझ्याकडे एकदा अख्खी रात्र तशी गेली आहे.

कासारवडवलीकर

टी-रिंग मोजली! व्हर्निअर कॅलिपर मुलीच्या... नाही, ऑफिसमधून आणलं. ११ ऐवजी १० भरली. स्वस्तातली ऑनलाइन घेतली होती. १ मिमीची पातळ चकती घातली आणि काल परत काढून बघितलं, कोपरे जवळजवळ गोल! एक मिमी! आणि दवच होतं, भिंगावर बर्फगोळ्यासारखा थर. बनियानवर बायकोने हात जोडलेत, पण डोनट गेला.

आता देवयानी राहिली. ती आता संध्याकाळीच पश्चिमेला कलायला लागलीये, आणि गच्चीवरून तिचा फक्त मधला पिवळा गोळा येतोय, हात पाय काही नाहीत.

नौपाड्याचा_म्हातारा

ठाण्यातून हात पाय येणारही नाहीत. अंधारात जा. पूर्वी वांगणी पुरायची, कर्जत लोकल पकडली की झालं, आता बदलापूरचा उजेड तिच्या उशाशी आलाय. मुरबाडच्या पुढे माळशेजच्या बाजूला जावं लागतं. आणि देवयानी हुकली तर रडू नकोस. एप्रिल मे मध्ये तुझ्या त्याच दक्षिणेच्या बाल्कनीतून ओमेगा सेंटॉरी घे. तो तारकागुच्छ आपल्याकडे २३ अंश वर येतो, लंडनवाल्यांच्या क्षितिजावर तो कधी येतच नाही. बाल्कनीला इतकी नावं ठेवली आपण, तिचंही काहीतरी चांगलं आहे.

कळवा_लोकल

पौष अमावास्येच्या शनिवारी मुरबाडला निघतोय, गाडीत दोन जागा आहेत, एक ट्रायपॉडची धरून. कासारवडवलीकर येणार असेल तर माजिवड्याला उभा रहा, साडेचारला. बनियान स्वतःचं आण.

कासारवडवलीकर

येतो. दोन आणतो.